क्लायंट : आमची ही

८ जुलै, मंगळवार. संध्याकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. रोज किमान दहा ओळी.

निमित्त मोठं आहे. एक्कावन्नाव्या वर्षी कॉलेजात गेलो. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रारी आता कॉम्प्युटरवर जाणार. म्हणून प्रत्येक विभागातला एक माणूस ‘सिस्टिम ॲनालिसिस अँड डिझाइन’ या पहिल्या वर्षाच्या पेपरला बसवायचं वरून ठरलं. साहेबांनी विचारलं, तक्रार विभागातून कोण जाईल? बाकीचे टेबलाकडे बघत होते. मी साहेबांकडे बघत होतो. झालं.

वर्गात शिरलो तर निम्मी पोरं उठून उभी राहिली. वयाचा मान, असं मला वाटलं. त्यांना वाटलं सर आले.

शिकवायला मॅडम आहेत. तिशीच्या आतल्या. म्हणाल्या, या विषयात कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी येतो, आधी माणसं येतात. मला हे नवीन नाही. एकवीस वर्षं तक्रारी घेतोय, माणसांशिवाय दुसरं काय पाहिलं?

घरी शांत. ही मार्चपासून भावाकडे आहे. चेंज म्हणून.

१० जुलै, गुरुवार

प्रोजेक्ट मिळाला. दोघादोघांचा गट. खराखुरा क्लायंट शोधायचा, त्याचा कारभार कसा चालतो ते बघायचं, त्याला काय हवंय ते विचारायचं आणि त्याप्रमाणे सिस्टिम करून द्यायची. शेवटी क्लायंटने सर्वांसमोर सांगायचं, उपयोग झाला की नाही.

माझ्या गटात एक चष्मेवाली मुलगी. बोलते कमी, पेन्सिलीने लिहिते. म्हणाली, “काका, माझ्या ओळखीत झेरॉक्सचं दुकान आहे.” मी म्हणालो, झेरॉक्स राहू दे, माझ्याकडे पाळणाघर आहे.

हिने काढलंय. भावाच्या घरात तळमजल्यावर. अठरा मुलं. सगळा कारभार एका वहीत आणि उरलेला हिच्या डोक्यात. म्हणजे सिस्टिमच्या नावाने बोंबच.

योजना तयार आहे. मी सिस्टिम बसवणार. ही थक्क होणार. एकदा थक्क झाली की मागचं सगळं विसरणार आणि बॅग भरणार. नोव्हेंबरअखेर घरी.

फोन केला. मेव्हण्याच्या बायकोने उचलला. मी भारदस्त आवाजात विचारलं, क्लायंट आहेत का? त्या म्हणाल्या, राँग नंबर. पुन्हा केला. हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, कॉलेजचं काम असेल तर पुढच्या शनिवारी दोन वाजता, मुलं झोपतात तेव्हा.

कॉलेजचंच काम आहे, म्हणालो. फोन ठेवल्यावर शर्टाला इस्त्री केली. शनिवार अजून नऊ दिवसांवर आहे.

१९ जुलै, शनिवार. सायं. ५

मुलाखत. चाळीस प्रश्न टाइप करून नेले होते. चष्मेवालीने फोनवर रेकॉर्डिंग लावलं. आत मुलं झोपलेली, त्यामुळे हळू बोलायचं.

उत्तम झाली. सुरुवातीला मी हिला सिस्टिम म्हणजे काय ते समजावलं. मग सध्याच्या पद्धतीतले दोष. मग माझे उपाय. ही मन लावून ऐकत होती. मध्ये दोनदा घड्याळ बघितलं, पण ते मुलांच्या उठण्याचं.

बारीक झालीये. केस कापलेत. विचारणार होतो, पण चाळिसात तो प्रश्न नव्हता.

२४ जुलै, गुरुवार

मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं. एकूण बावन्न मिनिटं. त्यातली सत्तेचाळीस मी बोललोय. उरलेल्या पाचातली दोन मिनिटं एक बाळ खोकतंय. मॅडमनी विचारलं, “मुलाखत नक्की कोणाची झाली?” वर्ग खो खो हसला. चष्मेवाली हसली नाही. ते जास्त लागलं.

मॅडमचा मुद्दा ठीक आहे, पण पुस्तकी. ज्या क्लायंटशी आपलं लग्न होऊन चोवीस वर्षं झाली, त्याला काय विचारायचं? हिची उत्तरं मला तोंडपाठ आहेत. ती न विचारता लिहून दिली.

मॅडमनी वही परत दिली. लाल शेरा : “हे कोण बोलतंय?”

निश्चय : पुढच्या वेळी कमी बोलणे.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज चित्र काढायचं होतं. मधोमध एक गोल, म्हणजे पाळणाघर. भोवती चौकोन : पालक, डॉक्टर, दूधवाला. कोण कोणाला काय माहिती देतं, त्याचे बाण. मी एक जादा चौकोन काढला. आत लिहिलं ‘पती’.

चष्मेवालीने पेन्सिलीचं टोक त्यावर टेकवलं. मग म्हणाली, “काका, यातून बाण जात नाही. यात येतही नाही.”

मी एक बाण काढला. त्यावर लिहिलं ‘सल्ला’.

ती म्हणाली, “काकू तो वापरतात का?”

मी म्हणालो, ते त्यांनाच विचार. ती म्हणाली, नियम असा आहे की ज्या चौकोनाचं कोणाशी देणंघेणं नाही तो चित्रात ठेवायचा नाही, मॅडम मार्क कापतील. तिने मला विचारून खोडला, हे कबूल केलं पाहिजे. खोडरबर चांगल्या दर्जाचं होतं. काही खूण राहिली नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार. दुपारी ४

मॅडमनी नेमून दिलेलं काम : क्लायंटकडे दिवसभर बसायचं, तोंड उघडायचं नाही, नुसतं बघायचं. बसलो. मोठी खुर्ची नव्हती, मुलांचीच दिली. गुडघे कानाशी.

पाहिलं ते असं. अठरा दुधाच्या बाटल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची फीत. आतल्या खोलीत कोणी रडलं तर ही न बघता सांगते कोण ते. एका मुलीला कानाची पाळी धरल्याशिवाय झोप येत नाही. एकाची आई बुधवारी आणि शनिवारी उशिरा सुटते, म्हणून आजोबा येतात. एकाला खोकल्याचं औषध अकराला द्यायचं, ते ही तळहातावर पेनाने लिहून ठेवते. यातलं अर्ध्याहून जास्त वहीत नाही.

ही हसत होती. काही विशेष नाही, एकाने मोजा हातात घातला होता, एवढंच. पण मान मागे टाकून हसली. मी समोर होतो म्हणूनही असेल.

एका चिमुरड्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? ही म्हणाली, “हे कॉलेजातून आलेत.”

बरोबरच आहे. तसाच आलोय.

मग एक दीड वर्षाची पोर रांगत आली, माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि तोंडातलं अर्धं बिस्किट माझ्या तोंडाशी धरलं. मी लवकर निघालो. पाठ दुखत होती. त्या खुर्च्यांची उंची फार कमी असते.

आम्हाला मूल नाही. हे इथे लिहायचं कारण नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

चष्मेवालीने माझ्या माघारी जाऊन हिची मुलाखत घेतली. टाइप केलेली तीन पानं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “काका, मला दुसऱ्या पानाचं माहीत नव्हतं. नाहीतर विचारलं नसतं.”

पहिलं पान कामाचं. हिचं म्हणणं, मला कॉम्प्युटर नको. मी एखाद्या दिवशी आजारी पडले तर कुठलं मूल कोणाच्या हाती द्यायचं ते वहिनीला कळावं, एवढं करून द्या.

दुसरं पान. चष्मेवालीचा प्रश्न : हे पाळणाघर कसं सुचलं? हिचं उत्तर जसंच्या तसं उतरवतो :

“डॉक्टरांनी मूल होणार नाही म्हणून सांगितलं तेव्हा मी चाळीसची होते. वर्षभर घरात नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. मग वाटलं, मागच्या खोलीत पाळणाघर काढावं. ह्यांना विचारलं. ‘बघू’ म्हणाले. आठ वर्षं विचारत होते गं. दर वेळी ‘बघू’. मार्चमध्ये एक दिवस विचारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, उत्तर मला माहीतच आहे. मग नाही विचारलं. कपडे भरले.”

मी नाही कधीच म्हटलेलं नाही. हे नोंदवून ठेवतो. आठ वर्षांत एकदाही नाही. ‘बघू’ म्हणजे जवळजवळ होच. ऑफिसात मी ज्या तक्रारीवर ‘बघू’ लिहितो ती फाइल जिवंत असते.

तिसरं पान वाचलं नाही. दुधाच्या वेळा असाव्यात.

२७ ऑगस्ट, बुधवार. सकाळी ६.३०

गरज सापडली! मागची खोली! एवढी साधी गोष्ट. ॲनालिसिसची ताकद म्हणतात ती हीच.

निश्चय : खोली रिकामी करणे. रंग. लहान खुर्च्या. खिडकीला जाळी. हिला आधी काही सांगायचं नाही. प्रोजेक्टच्या सादरीकरणातच थेट दाखवायचं. सर्वांसमोर.

१४ सप्टेंबर, रविवार

खोलीतून निघालेलं सामान : वर्तमानपत्रांचे अकरा गठ्ठे, बंद पडलेले तीन पंखे, माझी ऑफिसची जुनी रजिस्टरं, एक व्यायामाची सायकल (घडी न मोडलेली). आठ वर्षं ही खोली ‘माझ्या कामाची’ होती. काम कुठलं, ते सामानावरून कळत नाही.

रंगारी पिवळा दाखवत होता. मी म्हणालो, हिला हिरवा आवडतो. मग त्याने विचारलं कुठला हिरवा, पोपटी की गर्द? मला सांगता येईना. पिवळा दिला.

सुताराला बारा खुर्च्या सांगितल्या. तो म्हणाला, नातवंडं बरीच दिसतात. मी हो म्हणालो. लांबण लावायला वेळ नव्हता.

४ ऑक्टोबर, शनिवार. सायं. ६.४०

सिस्टिमची चाचणी. वापरणाऱ्यांना शिकवलं नसेल तर चांगली सिस्टिमही अडते, हे आज सिद्ध झालं.

दाराशी टॅबलेट लावला होता. न्यायला येणाऱ्याने अकरा रकाने भरायचे, मग मूल सोडायचं. चष्मेवाली आधीच म्हणाली होती, काका, काकूंनी हे मागितलं नाहीये. मी म्हणालो, मागितलं नाही म्हणूनच थक्क होईल.

पहिलेच आले ते आजोबा. कानात यंत्र, डोळ्यांना जाड भिंग. ‘मुलाशी नातं’ या रकान्यात मी आई आणि वडील एवढेच पर्याय ठेवले होते. आजोबा हा पर्याय टाकायचा राहून गेला होता. पडदा लाल झाला आणि मोठ्या आवाजात बोलला, “अनोळखी व्यक्ती. दार उघडू नये.” नातू आतून रडायला लागला, “माझे आबा अनोळखी नाहीत!” त्याचं ऐकून बाकीचे सतरा. पालकांची रांग रस्त्यापर्यंत. एका बाईची बस चुकली. आजोबा मला विचारत राहिले, साहेब, माझं काही चुकलं का?

ही आली. टॅबलेट उचलला आणि फडताळात पालथा ठेवला. दार उघडलं. एकेकाला हाक मारून मूल हातात दिलं, बाटली दिली, दिवसभराचं दोन वाक्यांत सांगितलं. चार मिनिटांत दार रिकामं. आजोबांना हात धरून पायरी उतरवून आली.

मला काही बोलली नाही. पूर्वी बोलायची. रागावली असती तरी चाललं असतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चष्मेवालीने एक कागद केलाय. मोठ्या अक्षरांत अठरा नावं, कुठल्या वारी कोण नेणार, कोणाला काय चालत नाही. फडताळाच्या दाराला आतून चिकटवलाय. बस, एवढंच. याला सिस्टिम म्हणतात का, हे मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, क्लायंट वापरतोय का? मी म्हणालो, वापरतोय. मॅडम पुढच्या गटाकडे गेल्या.

काही बिघडत नाही. आपला पत्ता अजून हातात आहे. खोलीला दुसरा हात मारून झाला. खुर्च्या आल्या. ओळीत मांडल्या. एकीवर बसून पाहिलं. पाठ दुखत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सायं. ६

सादरीकरण झालं. जसं झालं तसं लिहितो.

ही आली होती. सोबत तिची वहिनी. पहिल्या बाकावर बसल्या. चष्मेवालीने तिचा कागद दाखवला, तीन मिनिटांत संपवलं. मग मी उभा राहिलो. टॅबलेटचा भाग वगळला. शेवटची स्लाइड लावली : ‘प्रस्तावित जागा’. पिवळी खोली, बारा खुर्च्या, खिडकीला जाळी. खाली लिहिलं होतं, ‘आपलं घर’.

मागे कोणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि थांबलं.

मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे क्लायंटला विचारलं, “हे तुम्ही मागितलं होतं?”

ही म्हणाली, “हो, मागितलं होतं.”

मी चष्मेवालीकडे पाहिलं. विजयाने पाहिलं, खोटं कशाला बोलू.

मग ही म्हणाली, “आठ वर्षं मागत होते. आता नको.”

आवाज चढवला नाही. दूधवाल्याला आज जादा दूध नको म्हणून सांगावं, तसं. हिने चष्मेवालीच्या कागदाखाली सही केली, तिच्या गालाला हात लावला.

कॉरिडॉरमध्ये मी हिला गाठलं. म्हणालो, एकदा येऊन बघ तरी. ही म्हणाली, “खोली छानच झाली असेल हो. तुम्ही मनावर घेतलं की काम नीट करता. पण मी आता नाही येणार. तुम्ही कोणाकोणाला चेंज म्हणून सांगताय, ते माझ्या कानावर येतं. तसं सांगू नका. लोक मला विचारतात, कधी परत जाणार. मला तोंड चुकवावं लागतं.”

मी म्हणालो, बरं.

तिच्या वहिनीने रिक्षा थांबवली होती.

१४ नोव्हेंबर

काही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४.१५

बारा खुर्च्या टेम्पोत घातल्या आणि तिच्याकडे नेल्या. दोन वाजता, मुलं झोपतात तेव्हा. कॉलेजचं काम नव्हतं, तसं दारातच सांगितलं. ती म्हणाली, आत या.

खुर्च्या दोघांनी मिळून भिंतीशी लावल्या, आवाज न करता. मग दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसलो. तिने पाणी दिलं. मी काहीही ठरवून गेलो नव्हतो.

म्हणालो, “मला पोरांचा आवाज सहन व्हायचा नाही.”

तिने तांब्या खाली ठेवला.

म्हणालो, डॉक्टरांकडून आलो त्या दिवसापासून. खालच्या अंगणात पोरं खेळायला लागली की मी खिडकी लावून घ्यायचो. तू म्हणायचीस, गरम होतंय, उघडा. मी म्हणायचो धूळ येते. घरात पाळणाघर झालं असतं तर मी कुठली खिडकी लावली असती? म्हणून ‘बघू’ म्हणायचो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

आत कोणीतरी कूस बदलली. तिने कान दिला, मग पुन्हा माझ्याकडे वळली.

म्हणाली, “हे मला तेव्हा का नाही सांगितलंत? मला वाटायचं तुम्हाला काही वाटतच नाही. मी एकटीच रडते घरात, असं वाटायचं. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे मी, तुम्हाला त्रास नको म्हणून.”

नळाचा आवाज मला आठवतो. मी ओरडायचो, पाणी वाया जातंय.

मी विचारलं, आता सांगितलं तर काही उपयोग आहे का? ती रडत होती, पण उत्तर नीट दिलं. म्हणाली, “आहे. तुमच्यावरचा राग गेला. बरं झालं सांगितलंत.” जरा थांबून म्हणाली, “पण तेवढ्यानं मी परत नाही यायची. इथे सकाळी जाग येते तेव्हा मला उठावंसं वाटतं. ते सोडून नाही येववत.”

मग ती बोलत राहिली. इतक्या वर्षांचं. मी मध्ये बोललो नाही. वही खिशात होती, काढली नाही, म्हणून ते इथे लिहिता येत नाही.

तीन वाजता आतून एकाने हाक मारली. तिने पदराने डोळे पुसले आणि उठली. मुलं डोळे चोळत बाहेर आली. नव्या खुर्च्या दिसल्याबरोबर ढकलाढकली, रडारड, बारा खुर्च्या आणि अठरा मुलं. मी सहा कमी आणल्या होत्या. सुताराला सांगताना याच वहीतला आकडा बघायचा राहिला.

गलका फार होता. मी थोडा वेळ उभा राहिलो. खिडकी उघडीच होती.

मग चपला घातल्या. एका मुलाला कडेवर घेऊन ती दारापर्यंत आली. मी सवयीने म्हणालो, “येतो.”

यावर ती नेहमी ‘या’ म्हणते. आज म्हणाली, “सांभाळून जा.”